यशोताईंची हजेरी

बँकेत लागले त्या दिवशी मी पहिला फोन केला तो यशोताईंना, आणि नोकरीतली पहिली बोलणीही त्यांचीच खाल्ली. मला चिपळूण शाखेशी बोलायचं होतं. रिसीव्हर उचलून मी घाईघाईने म्हणाले, "चिपळूण द्या."

पलीकडून शांत आवाज आला. "चिपळूण मी कशी देणार? तिथे माणसं राहतात. तुम्ही कोण, कोणाशी बोलायचंय, ते सांगा."

मी नाव सांगितलं.

"नीलम. म्हणजे आस्थापना विभागात नवीन आलेली. खिडकीजवळचं टेबल दिलं असेल तुला. त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, मागे टेकू नको." आणि त्यांनी चिपळूण जोडून दिलं.

खुर्चीचा पाय खरंच आखूड होता. दुपारी मी त्यांना बघायला खाली गेले. जिन्याखालच्या खोलीत टेलिफोनच्या बोर्डासमोर एक ठेंगणी, सावळी बाई ताठ बसली होती. खळ घातलेली सुती साडी, खांद्यावर पदराला पिन, आणि मनगटावर काच उघडणारं घड्याळ. काच उघडून त्या बोटाने काटे चाचपायच्या आणि कोणी वेळ विचारली तर बिनचूक सांगायच्या. डोळे लहानपणी गोवरात गेलेले. पापण्या आत ओढलेल्या, कायमच्या मिटलेल्या. काळा चष्मा त्या कधी लावत नसत. कोणीतरी एकदा सुचवलं तर म्हणाल्या, "मला उन्हाचा त्रास नाही. तुम्हाला माझ्या डोळ्यांचा होत असेल तर गॉगल तुम्ही लावा."

यशोधरा सकपाळ हे त्यांचं नाव. गाव लांज्याकडचं. वडील मुंबईत गोदीत कामाला होते. मुलीची दृष्टी गेल्यावर त्यांनी तिला गावात ठेवली नाही, मुंबईला नेऊन अंधशाळेत घातली. 'बापाने मला शिकायला पाठवलं, देवाला नवस बोलायला नाही,' असं त्या अभिमानाने सांगत. पुढे जिल्ह्यात परत येऊन आमच्या बँकेच्या मुख्य कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या आणि मांडवीला दोन खोल्यांत भाऊ-वहिनीबरोबर राहू लागल्या; पुढे भाऊ गेला आणि दोघीच उरल्या. त्यांच्याबद्दल एवढं चरित्र पुरे. बाकी सगळ्या यशोताई त्यांच्या सवयींत होत्या.

आंधळी म्हटलेलं त्यांना चालायचं. नवे सोज्वळ शब्द वापरणाऱ्यांना त्या विचारायच्या, "म्हणजे आंधळीच ना? मग सरळ बोला की, माझा वेळ वाचेल." आंधळ्यांचे कान तीक्ष्ण असतात, असं कोणी कौतुकाने म्हणालं की चिडायच्या. "कसले तीक्ष्ण? डाव्या कानाने मला धड ऐकू येत नाही. मी लक्ष देते, एवढंच. तुम्ही देत नाही."

त्यांच्या अंगात कर्तबगारी होती तसा हट्टही भरपूर होता. मासळी घ्यायला मिरकरवाड्याला स्वतः जायच्या, वहिनीला नेऊन तिला मात्र काही निवडू द्यायच्या नाहीत. बांगड्याचा कल्ला बोटाने उचलून, पोट दाबून, नाकाशी नेऊन मग भाव विचारायच्या. एकदा मी बरोबर होते. कोळीण वैतागून म्हणाली, "बाय, तू घेतंस की लगीन लावतंस?" यशोताई म्हणाल्या, "लग्न लावलं असतं तर एवढं बघितलं नसतं. मासा आजच्या आज पोटात जायचाय." ती कोळीण इतकी हसली की वर एक बांगडा टाकला. घरी गेल्यावर वहिनीने सांगितलं की त्यांतले दोन शिळे निघाले. यशोताईंनी ते तेव्हा काही केल्या मान्य केलं नाही.

एक दिवस त्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आल्या. एक काळी, एक तपकिरी, उंचीही जरा वेगळी. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. वाईट वाटेल म्हणून कोणीच काही बोललं नाही. संध्याकाळी घरी वहिनीने सांगितलं तेव्हा त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी त्या वर आमच्या विभागात आल्या आणि दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "काल दिवसभर इथे किती डोळे होते?"

आम्ही फायलींत माना घातल्या.

"चप्पल चुकली त्याचं मला काही नाही. तुमचीही चुकते अंधारात. पण तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही गप्प बसलात. मला दिसत नाही, ते मी चालवून घेतलंय. तुमचं गप्प बसणं मी चालवून घेणार नाही." एवढं बोलून त्या भिंतीला हात लावत खाली गेल्या. त्या दिवसापासून ब्लाउजचं बटण तुटलं तरी आम्ही त्यांना सांगत असू, आणि त्या "बरं झालं सांगितलंस" म्हणून पिन मागत असत.

बँकेतल्या त्यांच्या सहीची हकीकत मला दिनू शिपायाने सांगितली. दिनू त्यांच्याबरोबरच नोकरीला लागलेला. पहिल्या दिवशी हेडक्लार्कने हजेरीच्या मस्टरशेजारी शाईचा पॅड ठेवला आणि यशोताईंचा अंगठा धरायला हात पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला. "मी मॅट्रिक पास आहे, अंगठा का लावू?" हेडक्लार्क म्हणाला, "सही येते का?" तर म्हणाल्या, "आज येत नाही. थोडे दिवस द्या."

त्यांना ब्रेल येत होतं, पण देवनागरी अक्षरं त्यांनी कधी गिरवली नव्हती. भावाने जाड पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून 'यशोधरा' ही अक्षरं तयार केली. त्या रोज रात्री जेवण झालं की सुतळीवरून बोट फिरवायच्या आणि मग पाटीवर पेन्सिलीने तेच काढायच्या. 'श' जमता जमेना. शेवटी पुठ्ठ्यालाच मस्टरच्या रकान्याएवढी खिडकी कापली, ती दिनूने रकान्यावर धरायची आणि यशोताईंनी त्या चौकटीत सही करायची. 'श'चं शेपूट चौकटीबाहेर जायचं ते कायमच जात राहिलं. मी आस्थापनेत आले तेव्हा हजेरीचं काम माझ्याकडे होतं. महिन्याच्या शेवटी मस्टर चाळताना साऱ्या सह्यांत ती एक सही लांबून ओळखू यायची, खालच्या माणसाच्या रकान्यात पाय पसरून बसलेली.

पुढे टेलिफोनचा बोर्ड गेला. प्रत्येक टेबलावर थेट लाईन आली, शिवाय खिशात मोबाईल. यशोताईंचं काय करायचं असा प्रश्न उभा राहिला तेव्हा सरव्यवस्थापक पाध्येसाहेबांनी त्यांना ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून संगणकात नोंदवायचं काम दिलं. संगणकात पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम टाकला. त्यातला आवाज त्या इतका भरभर लावत की आम्हाला नुसती चरचर ऐकू यायची, कढईत काही तळावं तशी. त्यांना मात्र त्यातलं सगळं कळायचं. मोबाईलही बोलणारा. यशोताई खूश होत्या. "पूर्वी मी लोकांना जोडून देत होते. आता लोक आपली गाऱ्हाणी घेऊन माझ्याशीच बोलतात. बढतीच की ही," असं म्हणायच्या.

आणि मग ते हजेरीचं मशीन आलं.

जिन्याशेजारच्या भिंतीत, मस्टरच्या टेबलाच्या वर, तळहाताएवढ्या दोन पाट्या जोडाव्या तसा काळा पडदा बसवला. त्याच्यासमोर उभं राहायचं, पडद्यावरच्या गोलात आपला तोंडवळा आणायचा, डोळे मिचकवायचे, की हिरवी खूण उमटायची. डोळे मिचकवायचे ते समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे कळावं म्हणून. मशीन एक अक्षर बोलत नव्हतं. काय ते पडद्यावर दिसायचं.

पहिल्या सकाळी सगळे रांगेत. कोणी केस सारखे करत होतं, कोणी फोटो काढल्यासारखं हसत होतं. यशोताईंची पाळी आली. दिनूने त्यांचे खांदे धरले. "ताई, जरा डावीकडे. थोड्या खाली. नाय, वर. आता बरोबर." पडदा तसाच. पुन्हा सरकवलं, पुन्हा तसाच. मग पडद्यावर अक्षरं आली.

"काय लिहिलंय?" यशोताईंनी विचारलं.

दिनू बोलेना.

"दिनू, चपलेसारखं करू नको. वाच."

"डोळे उघडा, असं म्हणतंय ताई."

मागे रांग होती, कोणी हललं नाही. यशोताई हसल्या. "त्याला सांग, आईने पुष्कळ प्रयत्न केले, डॉक्टरने केले. आता ते म्हणतंय तर बघू." पण हसून झाल्यावर त्या तिथेच थोडा वेळ उभ्या राहिल्या. पडद्यावर नंतर उमटलं की समोर व्यक्ती नाही, पुन्हा प्रयत्न करा. ते दिनूने वाचून दाखवलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

साहेबांनी सोपा तोडगा काढला. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "सकपाळबाईंची हजेरी तुम्ही रोज संगणकात भरा. तेवढा अधिकार तुम्हाला देतो." मी खाली जाऊन यशोताईंना सांगितलं. मला वाटलं, विषय मिटला.

"नको," त्या म्हणाल्या.

"अहो ताई, एक बटण दाबायचं. मला काही त्रास नाही."

"तुला त्रास नाही गो, मला माहीत आहे. पण मी आले की नाही हे तू ठरवणार. तू रजेवर गेलीस तर दुसरं कोणी ठरवणार. इतकी वर्षं मी आले हे मी सांगत होते." त्यांनी टेबलाच्या खणात हात घालून तो खिडकीचा पुठ्ठा काढला. कडा मऊ पडलेल्या, शाईचे डाग. "मस्टर ठेवलं असतं तर काही म्हणणं नव्हतं."

मस्टर बंद झालं होतं. वरूनच तसा ठराव होता.

मग यशोताईंनी भांडण केलं नाही, अर्ज दिला नाही. त्या रोज वेळेवर यायच्या, मशीनसमोर उभ्या राहायच्या, "सकपाळ आले" असं स्वच्छ आवाजात म्हणायच्या, आणि जाऊन काम सुरू करायच्या. संध्याकाळी "सकपाळ चालले". सुरुवातीला लोक हसले. मग हसणं थांबलं, कारण त्यात विनोद नव्हता. त्या खरोखर हजेरी देत होत्या, आणि घेणारं कोणी नव्हतं. महिना संपला. संगणकाने तक्ता काढला. त्यात यशोधरा सकपाळ महिनाभर गैरहजर, आणि त्याच महिन्यात सर्वांत जास्त तक्रारी निकालात काढल्याबद्दल तक्रार विभागात पहिलं नावही त्यांचंच. मी दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले. पगार अडकला.

पाध्येसाहेब वाईट माणूस नव्हते. नियमाला धरून चालणारे, आवाज न चढवणारे, तब्येतीने किरकोळ. त्यांनी यशोताईंना केबिनमध्ये बोलावलं. कागदपत्रांसाठी मीही होते.

"बाई, अहो का हट्ट करताय? मदत घेण्यात कमीपणा कसला? मी चष्म्याशिवाय वाचू शकत नाही."

"साहेब, चष्मा तुमचा आहे. तुम्ही तो कुठल्याही कागदावर लावू शकता. माझंही तसंच आहे. टेबलावरच्या संगणकात मी माझा बोलणारा प्रोग्रॅम टाकला, तो बोलतो. मोबाईलमध्ये टाकला, मोबाईल बोलतो. पण ती भिंतीवरची पेटी बंद आहे. तिला मी काय जोडू? माझी काठी चालत नाही, इयरफोन लागत नाही, फोन तिच्याशी बोलत नाही."

"मग?"

"मग ज्याला दुसऱ्याचं काही लावता येत नाही, त्याने स्वतःच सगळं आणायला हवं. त्याने स्वतः बोलायला हवं. त्याचं बटण हाताला लागायला हवं. आणि डोळ्याखेरीज आणखी कशानेतरी माणूस ओळखता यायला हवा. मी काही जगावेगळं मागत नाही. हे कायद्यात आहे, नियमात आहे. तुम्ही मशीन घेतलंत तेव्हा कोणी विचारलं नाही, एवढंच."

साहेबांनी विचारलं, "असं मशीन मिळतं?"

"मी कुठे मशीनं विकते? ज्याने विकलं त्याला विचारा."

पुण्याहून इंजिनियर आला. तरुण, नम्र, बोलायला चटपटीत. त्याने ताबडतोब उपाय सांगितला: यशोताईंपुरती डोळे मिचकवण्याची अट काढून टाकायची. यशोताई म्हणाल्या, "म्हणजे माझा फोटो दाखवून दिनूलाही माझी हजेरी लावता येईल?"

इंजिनियर म्हणाला, "हो, तसं होऊ शकतं."

"मग सगळ्यांना पक्कं कुलूप आणि माझ्या दाराला सुतळी, असं झालं. नको."

त्याने जरा विचार करून सांगितलं की त्यांच्याच कंपनीचं दुसरं मॉडेल आहे, त्यात कार्ड चालतं, उठावाची बटणं आहेत, आवाजही आहे. साहेबांनी विचारलं, मग तेच आधी का दाखवलं नाही? इंजिनियर खरं तेच बोलला. "सर, ते कोणी मागत नाही."

"आता मागितलं," यशोताई म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.

पण मागितलं म्हणून लगेच येतं असं नाही. विषय संचालक मंडळापुढे गेला. नुकतंच घेतलेलं मशीन एका बाईसाठी बदलायचं का, यावर मंडळींनी नकारार्थी माना हलवल्या आणि पुढच्या बैठकीत बघू म्हणून विषय ठेवून दिला. ही बातमी साहेबांनीच खाली येऊन यशोताईंना सांगितली. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या दमलेल्या वाटल्या. डबा उघडला आणि न खाता मिटला. "वहिनीला काय सांगू?" एवढंच म्हणाल्या. घर त्यांच्या पगारावर चालत होतं, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याशेजारच्या टेबलावर जुनं मस्टर उघडलेलं होतं. शेजारी पाध्येसाहेब उभे. त्यांनी दिनूला सांगितलं, "बाई आल्या की त्यांचा पुठ्ठा आणायला सांग." यशोताई आल्या, "सकपाळ आले" म्हणणार तेवढ्यात साहेब म्हणाले, "बाई, मशीन राहू दे. मस्टरवर सही करा. माझ्या अधिकारात आहे तेवढं करतो. मागच्या महिन्याचंही मी लिहून देतो."

"आणि ठराव?"

"ठरावाप्रमाणे मशीन सगळ्यांसाठी आहे. ते सगळ्यांसाठी नाही, हे आता मंडळालाही दिसू दे." असं म्हणून त्यांनी यशोताईंच्या सहीखाली स्वतःची सही केली. 'श'चं शेपूट त्यांच्या रकान्यात उतरलं होतं, त्याच्या शेजारून. मशीनसमोर ते त्या दिवशी उभे राहिले नाहीत. पुढेही नाहीत.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही की तुम्हीही मस्टरवर या. दिनू आपणहून आला. मग मी. इतर बरेचजण मशीनवरच राहिले, त्यांनाही कोणी टोचून बोललं नाही. पण पुढच्या तक्त्यात बँकेचा सरव्यवस्थापकच महिनाभर गैरहजर दिसू लागला, तेव्हा मंडळाला तो विषय पुढच्या बैठकीवर ढकलता येईना.

नवं मशीन आलं तेव्हा पावसाळा संपत आला होता. यशोताईंनी आधी त्याच्यावरून हात फिरवला. बटणं उठावदार होती, मधल्या पाचच्या आकड्यावर टिंब होतं. त्यांनी कार्ड लावलं, आपला आकडा दाबला. मशीनमधून बाईचा आवाज आला, "सकपाळ यशोधरा. वेळ नोंदली आहे."

आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो. त्या काहीतरी मोठं बोलतील असं वाटलं.

"बाईला सर्दी झालीय," त्या म्हणाल्या, आणि कामाला गेल्या.

यानंतर कुठलंही यंत्र घ्यायचं झालं की पाध्येसाहेब यशोताईंना बोलावू लागले. त्याचा त्यांना थोडा गर्वही चढला, हे सांगायला हवं. मुख्य शाखेत ग्राहकांसाठी पासबुक छापणारं, खात्यातली शिल्लक सांगणारं मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच धोशा लावला, "ते बोललं पाहिजे." बटणं पाहिजेत आणि बोललं पाहिजे. कंपनीने तसं दिलं.

पहिल्याच आठवड्यात नाटे गावाहून सोलकर चाचा आले. उभा जन्म होडीवर गेलेला माणूस. जाळी ओढून बोटांची टोकं इतकी घासलेली की नुसत्या काचेच्या पडद्याला त्यांचा स्पर्श कळतच नसे. बटणं बघून ते हरखले. त्यांनी कार्ड लावलं, आकडे दाबले, आणि मशीनने भरल्या शाखेत, दणदणीत आवाजात, त्यांचं नाव घेऊन त्यांच्या खात्यातली पै न् पै सांगितली. रांग वळून बघायला लागली. कोणीतरी म्हणालं, "चाचा, गरिबी कसली सांगता मग?" चाचांनी कार्ड ओढून घेतलं आणि पासबुक न छापताच बाहेर पडले.

यशोताईंना कळलं तेव्हा त्यांनी आधी इंजिनियरला शिव्या घातल्या. दुपारी साहेबांकडे जाऊन म्हणाल्या, "त्याची नाही, माझी चूक. बोललं पाहिजे एवढंच मी सांगितलं. कोणाच्या कानात बोललं पाहिजे ते सांगितलं नाही. मला इतकी वर्षं कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं, त्यातली लाज मी विसरले कशी, कळत नाही."

मशीनला इयरफोन जोडायची जागा करून घेतली. तो जोडल्याशिवाय मशीन खात्यातलं काही बोलणार नाही, असं करून घेतलं. पडदा काळा करायचं बटणही, म्हणजे मागचा माणूस डोकावू शकणार नाही. ते सगळं नीट व्हायला बराच काळ गेला. त्या काळात यशोताई नाट्याला अधूनमधून फोन लावायच्या. चाचा घ्यायचे नाहीत. घेतला तर "दर्यावर हाय" म्हणून ठेवायचे. त्या मागे लागल्या नाहीत, पण सोडलंही नाही. शेवटी एक दिवस चाचा आले. दाराशीच थांबून त्यांनी विचारलं, "ती बाय आता गप बोलते ना?"

यशोताई स्वतः त्यांच्याबरोबर मशीनपाशी गेल्या. इयरफोन कुठे लावायचा ते दाखवलं आणि स्वतः चार पावलं दूर जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. जिला दिसत नाही त्या बाईने पाठ कशाला करायची, असं मला तेव्हा वाटलं होतं. चाचांचं काम झाल्यावर त्यांनी विचारलं, "ऐकू आलं बरोबर?" चाचा म्हणाले, "माझं मला आलं." तेवढ्यावर त्या खूश झाल्या.

निवृत्तीच्या दिवशी निरोपसमारंभ झाला. त्यांना शाल दिली, नारळ दिला, भाषणं झाली. एका संचालकांनी त्यांच्या जिद्दीचं फार कौतुक केलं. उत्तरादाखल यशोताई उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्यात जिद्द आहे असं सगळे म्हणतात. हजेरी लावायला जिद्द लागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकी तुम्ही सगळे चांगले वागलात." आणि खाली बसल्या. आमच्या विभागातल्या मुलींना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना.

नंतर गाठीभेटी कमी झाल्या. वहिनी गेल्याचं कळलं तेव्हा मी मांडवीला जाऊन आले. त्या एकट्याच राहत होत्या, मासळी स्वतःच आणत होत्या. मी निघताना म्हणाल्या, "वहिनी बरोबर सांगायची गो. बांगडे शिळे असायचे कधीकधी."

त्यांना शेवटचं पाहिलं ते एका दवाखान्यात. सासूबाईंचा पाय मोडला होता, त्यांना चाकाच्या खुर्चीत घालून मी एक्स-रेला वर नेत होते. खाली नावनोंदणीच्या जागी माणूस काढून मशीन ठेवलं होतं. उंच, गुळगुळीत काचेचं, कुठेही बटण नाही. त्यावर नंबर काढायचा आणि समोरच्या पडद्यावर तो उमटला की आत जायचं. त्या काचेसमोर यशोताई उभ्या होत्या. केस पार पांढरे झालेले, साडी तशीच खळीची. बोटं काचेवरून वरपासून खालपर्यंत फिरत होती.

मी हाक मारणार तेवढ्यात लिफ्ट आली. मागे दोन खुर्च्या खोळंबल्या होत्या, मला आत शिरावं लागलं. मागच्या दोन्ही खुर्च्या आत येईपर्यंत दार उघडंच होतं; यशोताईंच्या मागच्या माणसाचं बोलणं कानावर आलं. "आजी, सरका जरा. मी काढून देतो नंबर."

मला वाटलं, आता ऐकवणार त्याला.

"काढून द्या हो," यशोताई म्हणाल्या. "गुडघा फार दुखतोय, आज मला डॉक्टर हवाच आहे. आणि इथल्या मोठ्या साहेबांची खोली कुठे आहे, तेही सांगा."

त्याने नंबराची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि खोली दाखवायला बोट केलं. मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण बोट खाली घेऊन तो तोंडाने सांगू लागला. यशोताईंनी चिठ्ठी पर्समध्ये टाकली, काठी उघडली, आणि दुखऱ्या पायाने, भिंतीच्या कडेकडेने, त्या खोलीच्या दिशेने निघाल्या.